वाद आणि गुण

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हा धानाचा तालुका. अशा ठिकाणीही अर्थशास्त्राच्या तासाला आधारभूत किमतीची व्याख्या बहुधा लिहूनच दिली जाते. वस्तुतः क्विंटलमागे बोनसची पूर्वीची रीत सोडून राज्य शासनाने 2022-23 मध्ये हेक्टरी 15,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. यात अल्पभूधारकाला काय मिळाले, बटाईदाराला काय, हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. चिखलात रोवणी केलेली मुले अध्यापकालाही चार गोष्टी शिकवतील! राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये चर्चाधारित अध्ययनाचा पुरस्कार केला खरा. परंतु गुण व्याख्येला मिळतात, वादाला नाही. तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण गृहपाठाच्या वह्यांवर खर्ची पडतात, ते प्रथम या वादासाठी राखून ठेवावेत.