उंबराचें फूल

क्वचित् दिसणाऱ्या माणसास आपण 'उंबराचें फूल' म्हणतों. वस्तुतः उंबरास फुलें शेंकडों येतात; मात्र आपण ज्यास फळ म्हणतों, त्याच्याच पोटांत! गांधीलमाशीच्या कुळांतील चिमुकली मादी पराग घेऊन इवल्या मुखावाटे आंत शिरते. पंख तुटतात, अंडीं घालून ती तेथेंच मरते. कांहीं फुलांत बीं धरतें, कांहींत तिचीं पिलें वाढतात. ही देवघेव ६ कोटींहून अधिक वर्षांची. डार्विननें १८५९ सालीं मांडलेल्या उत्क्रांतीचा हा अंगणांतला दाखलाच होय. नव्या माद्यांचें आयुष्य एक-दोन दिवसांचें. तेवढ्यांत दुसरें योग्य उंबर न मिळाल्यास वंश खुंटतो. म्हणून दत्तप्रभूंच्या या वृक्षावर कुऱ्हाड चालविण्यापूर्वीं एक हिरवें उंबर मुलांसमोर चिरून दाखवावें, अशी आम्ही वाचकांस विनंति करितों.