टिटवी ओरडली की मागे फिरा

बीडजवळच्या पाली येथे बिंदुसरेच्या जलाशयाकाठी पहाटे कॅमेरा घेऊन बसाल, तर पहिला धडा पक्षीच देतील: घाई करणाऱ्याला काही दिसत नाही. मातकट रंगाचे कपडे घाला, सूर्य पाठीशी ठेवा आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणा. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या १/२००० इतका असावा. श्वास संथपणे सोडत कळ दाबा, म्हणजे हात स्थिर राहतो. असे निश्चल बसता आले, की मनाची धावपळही हळूहळू शमते.

परंतु संयमाची खरी कसोटी उन्हाळ्यात लागते. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्यांना गारवा देते. छायाचित्रासाठी आपण चार पावले पुढे टाकली, तर ती उठते आणि मराठवाड्याच्या रणरणत्या उन्हात अंडी उघडी पडतात. तिचा कर्कश आवाज सुरू होताच समजावे, आपण फार जवळ आलो आहोत. छायाचित्राचा मोह सोडून आल्या वाटेने परतावे. मुले सोबत असतील, तर त्यांच्या हाती दुर्बीण द्यावी आणि आपण मागे का फिरलो, हे वाटेत अवश्य सांगावे.