मागे उभा राहणारा गडी

मुलांनो, टीम पाडताना कुणी म्हणालं, "तू मागे थांब," की तुमचं तोंड एवढंसं होतं ना? मग ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डची गोष्ट ऐकाच!

हा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचाच मुलगा. सहाव्या वर्षी लिव्हरपूल क्लबच्या अकादमीत दाखल झाला. पुढे झाला फुलबॅक, म्हणजे बचावफळीतला कडेचा खेळाडू. २०१८-१९च्या मोसमात या वीस वर्षांच्या पोराच्या पासवर प्रीमियर लीगमध्ये सहकाऱ्यांनी १२ गोल केले. बचावपटूसाठी तो तेव्हा विक्रम ठरला!

७ मे २०१९. चॅंपियन्स लीगची उपान्त्य फेरी. पहिल्या सामन्यात बार्सिलोनाने ३-० असं हरवलेलं. घरच्या मैदानावर लिव्हरपूलने तीन गोल फेडले. तेवढ्यात कॉर्नर मिळाला. चेंडू ठेवून ट्रेंट दोन पावलं दूर गेलासुद्धा. पण समोरचे बेसावध दिसताच तो झटकन फिरला आणि त्याने चेंडू आत मारला. ओरिगीने गोल केला. ४-०! १ जूनला माद्रिदमध्ये लिव्हरपूलने करंडकही जिंकला. लीगचं विजेतेपद मात्र एका गुणाने हुकलं.

गोल लागला ओरिगीच्या नावावर. पण संधी आधी कुणाला दिसली? तेव्हा मागे उभं राहावं लागलं, तर रुसू नका. डोळे उघडे ठेवा. मागून सगळं मैदान दिसतं!