'वूट्झ' : एका शब्दाचे मूळ

इंग्रजी कोशांत 'वूट्झ' असा एक चमत्कारिक शब्द आढळतो. त्याचा अर्थ, दक्षिण हिंदुस्थानात मुशीत तयार होणारे पोलाद. निर्मलच्या श्रोत्यांनी तो परका मानू नये. या पोलादाच्या ज्या भट्ट्या पुढे ख्यातनाम झाल्या, त्यांपैकी कोनसमुद्रमच्या भट्ट्या येथून जवळच, गोदावरीच्या दक्षिणेस होत्या आणि त्यांना लागणारे खनिज निर्मलच्या डोंगराळ भागातून जात असे.

शब्द इंग्रजीत शिरला तो मात्र मुंबईमार्गे. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी तेथून काही नमुने सर जोसेफ बँक्स यांच्याकडे लंडनला धाडले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. हे पोलाद मुंबईत बनते व तेथे त्यास 'वूट्झ' म्हणतात, असे निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. वस्तुतः हा शब्द मराठी नव्हे. आपला जुना शब्द 'तिखे', तो संस्कृत 'तीक्ष्ण'पासून आलेला; 'पोलाद' फारसीतून आला.

मग 'वूट्झ' कोठला? यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तर्क केला की, कानडी 'उक्कु' हा शब्द कोणीतरी 'वूक' असा लिहिला असावा आणि पुढे नकलताना वा वाचताना अखेरचे अक्षर बिघडले असावे. आरंभीच्या 'व'चे नवल नको. तेलुगू बोलणारा शेजारी 'उ' उच्चारताना किंचित 'वु' कसा म्हणतो, हे येथे कोणास सांगावयास हवे? 'उच्च' म्हणजे उत्तम प्रतीचे, यापासूनही काहींनी हा शब्द साधला आहे. मला ती ओढाताण वाटते.

'उक्कु'चे नाते तमिळ 'उरुक्कु'शी, म्हणजे वितळविण्याशी आहे. बंद मुशीत लोखंड व वनस्पतिज द्रव्य घालून ते दीर्घकाळ तापवावयाचे. त्यातील कर्ब लोखंडात मुरतो आणि ते वितळते. सारी कृती नावातच सामावली आहे! मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने १८२० च्या सुमारास या पोलादावर प्रयोग केले. त्याच सुमारास डॉ. व्हॉयसी यांनी कोनसमुद्रमची भट्टी प्रत्यक्ष पाहिली. त्यांचे वर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापले गेले. इराणी व्यापारी माल घेण्यासाठी तेथवर येत, असे त्यावरून कळते. भट्टीवरच्या कारागिरांच्या तोंडचा शब्द तेलुगूत अद्याप शाबूत आहे. विशाखापट्टणचा पोलाद कारखाना तेथील लोक 'उक्कु'च्याच नावाने ओळखतात. इंग्रजी कोशात मात्र 'वूट्झ'च राहिले.