फाउलरची गल्ली आणि बाळूंचं मैदान
कूपरस्टाउन, न्यूयॉर्क राज्य

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. शाळेच्या प्रश्नमंजूषेत अमेरिकेतला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलपटू कोण, असा प्रश्न होता. 'जॅकी रॉबिन्सन' या उत्तराला त्याला पूर्ण गुण मिळाले. "उत्तर चुकलंय रे," मी म्हटलं. त्याला ते पटेना. आपल्याकडे बहुतेकांची समजूत हीच आहे: १९४७ पर्यंत दार बंद होतं आणि रॉबिन्सननं ते उघडलं. दार आधी उघडं होतं आणि ते मुद्दाम लावून घेतलं गेलं, हे मलाही या गावात येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

ओत्सेगो तळ्याकाठच्या या गावाची वस्ती दोन हजारही नाही. पण मेन स्ट्रीटवर १९३९ पासून बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' उभं आहे आणि जुलैत इथे लेकराबाळांसह येणारी माणसं पाहिली की पंढरपूर आठवतं. हे 'हॉल ऑफ फेम' इथेच का? तर १८३९ मध्ये अब्नर डबलडे यांनी याच गावात हा खेळ शोधला, असा निर्वाळा १९०७ मध्ये एका आयोगानं दिला म्हणून. १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते आणि त्यांनी स्वतः असा दावा कधीच केला नाही. तरी इथल्या बेसबॉलच्या मैदानाला नाव त्यांचंच.

आणि जो मुलगा खरोखर याच गावात वाढला, त्याचं नाव मात्र गाव विसरलं. जॉन जॅक्सन, म्हणजेच बड फाउलर. जन्म १८५८ चा, जवळच्या फोर्ट प्लेनमधला. वडील न्हावी. १८७८ मध्ये तो पैसे घेऊन गोऱ्यांच्या संघातून खेळू लागला. रॉबिन्सनच्या तब्बल एकोणसत्तर वर्षं आधी! पुढे गावोगावच्या संघांतून तो जवळजवळ दहा हंगाम खेळला, मधल्या काळात वडिलांचा धंदाही केला. १८८७ मध्ये बिंगहॅम्टनच्या संघातले गोरे सोबती त्याच्याबरोबर खेळायला तयार होईनात. त्याला संघ सोडावा लागला आणि त्याच वर्षी जुलैत तो संघ ज्या लीगमध्ये खेळत होता, त्या लीगनं यापुढे कृष्णवर्णीयांशी करार करायचे नाहीत, असं ठरवलं. १९१३ मध्ये तो याच राज्यातल्या फ्रँकफर्ट गावी बहिणीच्या घरी वारला. पुढची ७४ वर्षं त्याच्या कबरीवर साधा दगड नव्हता. तो १९८७ मध्ये बसवला, बेसबॉलच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी.

२०१३ मध्ये गावानं मैदानाकडे जाणाऱ्या गल्लीला 'फाउलर वे' नाव दिलं. हॉल ऑफ फेमनं त्याला २०२२ मध्ये आत घेतलं. इतका उशीर! मला त्याचा राग येतो. पण त्या गल्लीत पाटीखाली एक गोरे आजोबा नातवाला ही सगळी कथा सांगत होते. नातवानं विचारलं, "तो चांगला खेळत होता, मग त्याला काढलं कशाला?" आजोबांनी विषय बदलला नाही. "आपल्यासारख्या दिसणाऱ्या लोकांनी काढलं," ते म्हणाले. मला एकदम घर आठवलं.

मी पुण्यात वाढले. सुट्टीतली प्रत्येक दुपार मैदानावर घालवली. पण क्रिकेटपटू पालवणकर बाळू हे नाव माझ्या शाळेत कुणी एकदाही उच्चारलं नाही. ते मला भेटलं थेट इतिहासकार रामचंद्र गुहांच्या पुस्तकात. चर्मकार समाजातले बाळू पुण्यातच गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता नेटमध्ये डावखुरी फिरकी टाकू लागले. हिंदू संघाला त्यांचे बळी हवे होते, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला.

लहानपणी मीही घरात असे प्रश्न विचारले होते. "जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?" हेच उत्तर मिळायचं. उकरायच्या, कारण त्याशिवाय बाळू आपल्याला पूर्ण कळत नाहीत. त्यांची फिरकी सांगायची आणि ते मातीचं भांडं लपवायचं, हे अर्धं सांगणं झालं.

भाच्याला मी फाउलरची गोष्ट सांगितली आणि लगेच बाळूंची. तुमच्या घरातलं एखादं पोर आज बॅट घेऊन मैदानावर निघालं असेल, तर त्याला दारातच थांबवा आणि पालवणकर बाळू कोण होते ते सांगा. त्यांना कर्णधार का केलं नाही, हे त्यानं विचारलं तर विषय बदलू नका.