मोडलेल्या चाकूची उरलेली किंमत

पेढीवरच्या गादीजवळचा खण उघडला, की वाळलेले शाईचे पॅड, लाखेचा तुकडा आणि कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्या सोबतीला एक घडीचा चाकू हमखास सापडतो. बहुधा तो मोडलेलाच असतो. आजोबांच्या हातचा म्हणून टाकवत नाही आणि कामाचा नाही म्हणून कोणी उचलत नाही. हिशेबाच्या भाषेत, घसारा पूर्ण होऊनही पुस्तकात राहिलेली ही मालमत्ता. तिची किंमत शून्य धरण्यापूर्वी नेमके काय मोडले आहे, एवढे तरी पाहायला हवे.

चाकूचे आणि पेढीचे नाते जुने आहे. वह्या बोरूने लिहिल्या जात तेव्हा झिजलेले टोक पुन्हा तासावे लागे. त्यासाठीच्या लहान चाकूला कलमतराश म्हणत. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी हेच काम करणारा चाकू ‘पेननाइफ’ या नावाने आजही ओळखला जातो. इंग्लंडमधील शेफील्ड हे अशा चाकूंचे मोठे केंद्र. तेथील जोसेफ रॉजर्स यांच्या नावाची पाती हिंदुस्थानातही पोहोचली होती. शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये गंजरोधक पोलाद तयार केले. त्यापूर्वीची पाती साध्या पोलादाची. लवकर गंजणारी, पण धार झटकन घेणारी.

घडीच्या चाकूत पाते एका खिळ्याभोवती फिरते आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी पट्टी, म्हणजे स्प्रिंग, पात्याच्या बुडाला दाबून धरते. उघडताना व मिटताना येणारा ‘टच्’ आवाज या पट्टीचा. पाते नुसतेच जाम झाले असेल तर ते मोडलेले नाही. सांध्यात रॉकेल सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी हलक्या हाताने हलवावे आणि मग शिवणयंत्राचे तेल द्यावे. खाण्याचे तेल घालू नये. ते कालांतराने चिकट होऊन सांधा पुन्हा धरते. पकडीने ओढून उघडण्याचा पराक्रम अनेकजण करतात आणि धडधाकट स्प्रिंग त्यातच तुटते. खिळा सैल होऊन पाते डुगडुगत असेल तर ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर ठेवून खिळ्याच्या दोन्ही डोक्यांना हातोडीच्या हलक्या टिचक्या द्याव्यात, आणि प्रत्येक टिचकीनंतर चाकू उघडून पाहावा.

टोक तुटले असेल तर दुरुस्ती घरीच होते, पण एक गोष्ट उमजायला हवी. चाकू मिटला की धार मुठीच्या पोटात जाते आणि पाठ वर राहते. धारेकडून घासून नवे टोक काढले तर ते पाठीच्या रेषेत येते आणि मिटलेल्या चाकूतून बाहेर डोकावते. खिशात हात घालणाऱ्याला त्याचा प्रसाद मिळतो. म्हणून घासायचे ते पाठीकडून, उतार देत. पाते पाव इंचाने आखूड होईल, एवढेच.

हे काम खरबरीत दगडावर, पाणी घालत, हातानेच करावे. तास-दोन तास जातील. विजेच्या चाकावर ते दोन मिनिटांत होते आणि तेथेच खरे नुकसान होते. पोलादाला पाणी देऊन आणलेली कठीणता उष्णतेने उतरते. साध्या पोलादावर फिकट पिवळी झाक आली तर निभावते. तीनशे अंशांच्या आसपास निळा रंग चढला, की तेवढा भाग मऊ पडला समजावे. असे पाते दिसायला चकचकीत, पण दोन सुतळ्या कापल्या की बोथट. गेलेली कठीणता घरच्या उपायांनी परत येत नाही.

स्प्रिंग तुटली तर मात्र घडीचा मोह सोडावा. अडवणारे काही नसल्याने पाते कापताकापता बोटांवर मिटू शकते. नवी पट्टी कापून, घडवून, पाणी देऊन बसवणे हे कसबी कारागिराचे काम, आणि त्याच्या मजुरीत नवा चाकू येतो. फ्रान्सच्या साव्हुआ भागातील जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये काढलेल्या चाकूत ही पट्टीच नाही. तेथे १९५५ पासून फिरते कडे पाते अडवते. आपल्या खणातल्या चाकूला तो उपाय लागू नाही. त्याचे पाते पूर्ण उघडून, सांधा रॉकेलने धुऊन कोरडा करावा आणि मुठीच्या फटीत लाकडाची घट्ट पट्टी अ‍ॅरल्डाइटने बसवावी. चोवीस तासांनी गोणी उसवायला, पार्सलची सुतळी तोडायला एक स्थिर चाकू तयार होतो. त्याला जाड कापडाचे म्यान शिवावे. पाते मधोमध तुटले असेल तर उरलेला तुकडा गोलसर घासून, धार मारून टाकली, की टपाल उघडायला उत्तम.

राहिली मूठ. जुन्या विलायती चाकूंच्या मुठी शिंगाच्या, हाडाच्या, क्वचित हस्तिदंताच्याही असत. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे, तेव्हा असा चाकू जुन्या बाजारात दाखवण्याच्या भानगडीत पडू नये. हाडाची मूठ तडकली तर ज्या घरांना ती आधीपासूनच खटकत होती, त्यांना ही संधीच आहे. सुताराकडून शिसवीच्या दोन पातळ फळ्या मागाव्यात, जुनी मूठ कागदावर ठेवून पेन्सिलने आकार काढून द्यावा, आणि खिळे पितळेचे घ्यावेत.