विसरलेली गाणी (भाग ६) : आशा पुथली आणि पहाटेपर्यंतचं न्यूयॉर्क

मागच्या भागात आपण इंग्लंडच्या उत्तरेकडल्या विगन गावात होतो. ग्लोरिया जोन्सचं १९६५ सालचं न खपलेलं ‘टेन्टेड लव्ह’ तिथल्या कामगार वस्तीतल्या पोरांनी नाचून नाचून कसं जिवंत ठेवलं, ते पाहिलं. या आठवड्यातली गायिका मुंबईची आहे. तरीही मुंबईत तिचं नाव काढलं तर बहुतेकांना ओळख पटत नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

आशा पुथली यांचा जन्म मुंबईत १९४५ साली झाला. एकीकडे हिंदुस्थानी संगीताची तालीम, दुसरीकडे जॅझची ओढ. काही काळ त्यांनी हवाई सुंदरी म्हणून नोकरी केली. लेखक वेद मेहता यांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’मध्ये मुंबईच्या जॅझविषयी लिहिलं, तेव्हा त्यात या मुलीचाही उल्लेख आला. तो न्यूयॉर्कमध्ये जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोचला. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांचं वेगळेपण सुरुवातीलाच हेरणारे हेच ते हॅमंड.

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांना तेव्हा गायिका हवी होती, आणि हॅमंड यांनी आशाबाईंना तिकडे धाडलं. त्यांच्या चाली कॉर्डच्या चौकटीत बसत नसत. सूर कुठून निघून कुठे उतरेल याचा अंदाज बांधणं भल्याभल्यांना जड जाई. मला वाटतं, तानपुऱ्यावर तयार झालेला गळा इथे कामी आला. कॉर्डचा आधार नसला तरी अशा गळ्याला चुकल्यासारखं होत नाही. १९७२ साली आलेल्या कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बममध्ये आशाबाईंची दोनच गाणी आहेत, पण तेवढ्यावर ‘डाऊनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांची दखल घेतली.

इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. १९७३ साली सीबीएस या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम काढला तो युरोपात. त्या राहत होत्या अमेरिकेत, आणि अमेरिकेतल्या दुकानांत मात्र तो आलाच नाही. कंपन्यांना कप्पे लागतात: जॅझ, सोल, पॉप. साडी नेसून येणारी, जे. जे. केल आणि जॉर्ज हॅरिसन यांची गाणी सोलच्या अंगाने गाणारी भारतीय बाई कुठल्या कप्प्यात घालायची, हे त्यांना ठरवता आलं नाही. रसिकांनी नाकारलं म्हणून एखादा कलाकार विसरला जातो, हा समज मला म्हणूनच पटत नाही. इथे रसिकांसमोर माल मांडलाच गेला नव्हता.

१९७६ साली जर्मन निर्माते डीटर झिमरमान यांच्याबरोबर त्यांनी ‘द डेव्हिल इज लूज’ हा अल्बम केला. त्यातलं ‘स्पेस टॉक’ नीट ऐका. त्या काळचं डिस्को ठोके देत पुढे धावतं. हे गाणं रेंगाळतं. खाली बास शांतपणे तीच फिरकी घेत राहतो, आणि वर आशाबाईंचा आवाज कुजबुजत येतो. अर्धा श्वास, अर्धा सूर. त्या कुठेही जोर लावत नाहीत. मात्र शब्द संपतो तिथे सूर सोडून न देता त्याला बारीकशी वळणं देत त्या खाली उतरतात, आणि गळ्यावरची तालीम तिथे लपत नाही.

हे गाणं डेव्हिड मॅन्कुसो यांनी उचललं. न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या जागेत ते रात्रभराच्या पार्ट्या करत; त्या ‘द लॉफ्ट’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही, दारूची विक्री नाही, उत्तम स्पीकर आणि वर फुगे. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिनो, समलिंगी असे सगळे. बाहेर ज्यांना मोकळेपणाने नाचता येत नसे, ते इथे पहाटेपर्यंत नाचत. गाणं मध्येच कापण्यापेक्षा पूर्ण वाजू देण्याकडे मॅन्कुसोंचा कल होता. पुढे तर त्यांनी मिक्सरच काढून टाकला. ‘स्पेस टॉक’सारख्या सावकाश उलगडणाऱ्या गाण्याला याहून योग्य जागा मिळाली नसती.

पुढे डिस्कोविरुद्ध लाट उठली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या गेल्या. १९८०नंतर आशाबाई मुलाच्या संगोपनासाठी या धबडग्यातून बाजूला झाल्या.

रेकॉर्ड मात्र फिरत राहिल्या. रॅपचे निर्माते जुन्या गाण्यातला काही सेकंदांचा तुकडा घेऊन तो पुन्हा पुन्हा वाजवतात. याला सॅम्पलिंग म्हणतात. १९९१ साली बिझ मार्की या रॅपरविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात निकाल गेला आणि असा तुकडा परवानगीवाचून वापरणं धोक्याचं झालं. मग मूळ गाण्याचं नाव श्रेयनामावलीत येऊ लागलं, आणि ती बारीक अक्षरं वाचून जुन्या रेकॉर्डच्या मागे लागणारी मंडळीही तयार झाली. १९९७ साली नॉटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या मरणोत्तर आलेल्या ‘लाइफ आफ्टर डेथ’ या अल्बममध्ये ‘स्पेस टॉक’ वाजलं, आणि आशाबाईंचा आवाज त्यांचं नाव कधी न ऐकलेल्या लाखो कानांत गेला.

२०२२ साली ‘मिस्टर बोंगो’ या ब्रिटिश कंपनीने त्यांच्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला. २०२४ साली, वयाच्या ७९व्या वर्षी, त्या ग्लास्टनबरी महोत्सवात गायल्या. याला ‘पुनर्शोध’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती लॉफ्टमध्ये नाचणाऱ्यांवर अन्याय करणारी वाटते. त्यांनी हे गाणं कधी हरवू दिलंच नव्हतं.

‘स्पेस टॉक’ इंटरनेटवर सहज मिळतं. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास निम्मा गळून जातो. पुढच्या भागात शिकागोचे सिल जॉन्सन: गाणं सोडून तळलेल्या माशांची दुकानं चालवणारा आणि आपल्या सॅम्पलचा मोबदला मागायला कोर्टाची पायरी चढणारा गायक.